लांबच्या वसतिगृहाचा भोंगा

माझी नात पहिल्याच दिवशी माईकसमोर शिंकली. शिंक साधीसुधी नाही, आमच्या घराण्याची... भिंतीवरचं घड्याळ हलेल अशी. विद्यापीठाच्या आवारात खांबाखांबावर भोंगे आहेत. त्या सगळ्या भोंग्यांतून ती एकदम बाहेर पडली. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, सायकलींच्या छपराखाली, मैदानावर, जो तो पोट धरून हसत सुटला.

पोरीने उरलेल्या घोषणा कशाबशा वाचल्या आणि लाल तोंडाने माडीवरून खाली उतरली. खाली खांबाजवळ, मैदानापलीकडून नुकताच आलेला एकजण वायरचं वेटोळं दंडावर गुंडाळत उभा होता. आवारातले भोंगे चालू ठेवणं हे त्याचं काम. सगळे त्याला भोंगेवालाच म्हणायचे. तेवढा एकटा हसत नव्हता.

"तुम्ही नाही हसलात?" हिने विचारलं.

त्याने मान वळवली. जरा जास्तच वळवली, उजवा खांदा पुढे करून. "कशाला हसायचं?"

"सगळे हसताहेत."

"सगळ्यांना काम नसतं."

झालं! पोरगी तिथेच विरघळली. घरी येऊन मला म्हणाली, "आजी, आवारात एक तरी सभ्य माणूस आहे." मी म्हटलं, "एक असला की पुरे असतो बाई. दोन झाले की पंचाईत."

माझं घर फाटकासमोरच. पदवीदान समारंभाचे काळे झगे मी शिवते, दुरुस्त करते. शाळा माझी दुसरीतच सुटली, पण भल्याभल्या पंडितांचे खांदे मी मोजलेत आणि कोणाचा किती वाकतो तेही मला ठाऊक आहे. नात लहानपणापासून माझ्याकडे. शिकता शिकता तिने हे घोषणेचं काम धरलं, आणि पोरांनी तिचं नाव घोषणाबाई ठेवलं.

त्या कामाची एक रीत होती. घोषणेची खोली बंद. आतल्या माणसाला बाहेरचा भोंगा ऐकू येत नाही. म्हणून भोंगेवाल्याने मैदानापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर चढायचं. तिथून लांबच्या वसतिगृहाचा भोंगाही ऐकू यायचा आणि हिची खिडकीही दिसायची. घोषणा सगळीकडे पोचली की त्याने लाल फडका वर करायचा. फडका वर झाल्याशिवाय हिने पुढची घोषणा वाचायची नाही.

म्हणजे बघा. रक्तदान शिबिर सोमवारी, आणि हिचे डोळे खिडकीबाहेर. फडका वर. नाटकाच्या स्पर्धेसाठी नावं द्या... फडका वर. ग्रंथालयाची पुस्तकं परत करा... फडका, आणि वर एक हसू. एवढ्या लांबून हसू दिसतं का? तिला दिसायचं. या वयात नजर फार लांबची असते.

मग चहाच्या टपरीवर गाठ पडायची.

"आज आवाज कसा होता माझा?"

"होता की."

"म्हणजे... गोड की कडू?"

"मी भोंगे बघतो. चव बघायचं काम माझ्याकडे नाही."

"मग कोणाकडे आहे?"

"जागा रिकामी आहे का? तशी घोषणा करा. मी अर्ज करतो."

हे सगळं ती घरी येऊन सांगायची, मी झग्याला दोरा घालत ऐकायची. दुसऱ्या दिवशीच्या घोषणा ती माझ्यासमोर म्हणून बघायची. एकदा मी म्हटलं, "अगं, धावण्याच्या शर्यतीची नावनोंदणी आहे ना ही? मग एवढं लाजायला काय झालं?"

माझ्या मशीनवरचा दिवा बिघडला तेव्हा तो घरी आला. दिवा नीट केला. मी त्याच्या डाव्या हाताला बसून दोनदा विचारलं, चहा घेतोस का. उत्तर नाही. मी मनात म्हटलं, दिसायला बरा आहे, पण शिष्ट आहे मेला.

त्यानंतर झाडवाल्या सरांचं व्याख्यान ठरलं.

सर वनस्पतीशास्त्राचे. आवारातली निम्मी झाडं त्यांच्या हातची. लांबच्या वसतिगृहाचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षं बघितला. तिथली पोरं आजारी पडली की हे उशाशी बसायचे. आता ते स्वतःच आजारी होते, श्वास पुरत नव्हता, पण पोरांशी एकदा बोलायचं होतं. व्याख्यान मोठ्या सभागृहात संध्याकाळी. त्याच दिवशी दुपारी निरोप आला, सरांना सभागृहाच्या पायऱ्या चढवणार नाहीत, ते बागेत काचघराजवळ बसून बोलतील.

नातीने बदल वाचला. फडका वर. परत वाचला. परत फडका वर.

संध्याकाळी बागेत माणसं जमली, पण लांबच्या वसतिगृहातला एकही नव्हता. ती सगळी पोरं सभागृहात फुलं घेऊन बसली होती. कोणीतरी धावत जाऊन त्यांना सांगेपर्यंत सरांचं बोलणं संपलं होतं. म्हणे, उठताना त्यांनी एकदा रस्त्याकडे बघितलं आणि गाडीत बसले. त्याच आठवड्यात ते गेले.

पोरं मुख्य इमारतीखाली आली. आरडाओरडा नव्हता, ते जास्त वाईट. "घोषणा झालीच नाही," एवढंच म्हणत राहिली. मोठ्या साहेबांनी नातीला बोलावलं, भोंगेवाल्यालाही बोलावलं.

"मी वाचलं," नात म्हणाली. "दोनदा वाचलं. फडका वर झाला तेव्हाच पुढे गेले."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं.

इथे एक श्रेय मी त्याला देते. तो म्हणू शकला असता, भोंगा नंतर बंद पडला. म्हणू शकला असता, हिने वाचलंच नाही. कोण विचारणार होतं? पण तो म्हणाला, "लांबच्या वसतिगृहाचा भोंगा आदल्या दिवसापासून बंद असणार. मला कळलं नाही. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, साहेब. उजव्याने जवळचं येतं, लांबचं नाही. मी माणसांकडे बघून फडका दाखवतो. मैदानावरची पोरं थांबली, मान वर केली, की आवाज पोचला असं समजतो. त्या दिवशीही ती थांबली होती."

मैदानावरचा भोंगा चालू होता ना. थांबणारच.

त्याला भोंग्यांवरून काढून खुर्च्यांच्या कोठारात टाकलं. नात घरी आली, एक अर्धवट झगा मांडीवर घेऊन बसली आणि त्याची कॉलर कुरवाळत राहिली.

"आजी, त्याने माझा आवाज कधी ऐकलेलाच नाही."

"हं."

"शिंकसुद्धा नाही."

"म्हणून तर हसला नाही."

ती हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. मी झगा तिच्या हातातून काढून घेतला. काळं कापड आहे, पाण्याचे डाग जात नाहीत. मग जवळ बसले. म्हटलं, "हे बघ, माणसाला एक कान कमी असला तर आपलं काही अडत नाही. आपल्या घरात तर सोयीचंच आहे ते. पण खोटा फडका मला चालणार नाही. जो न ऐकता हो म्हणतो, तो उद्या काहीही म्हणेल."

"मलाही नाही चालणार," ती म्हणाली. पण कशी म्हणाली ते मी ऐकलं.

दोन दिवसांनी तो दारात उभा राहिला. ही चटकन आतल्या खोलीत गेली. मी मशीन थांबवलं नाही.

"काय पाहिजे?"

"माफी मागायला आलोय."

"माझी कशाला? मी कुठे फुलं घेऊन बसले होते?"

तो खाली बघत राहिला. "काम गेलं असतं, आजी. बहिऱ्याला भोंग्यांवर कोण ठेवतं?"

"आणि म्हणून त्या पोरांची सरांशी शेवटची भेट घालवलीस?"

"हो."

नुसतं हो. 'पण' नाही, 'परंतु' नाही. मग मी मशीन थांबवलं.

"सरांना माहीत होतं माझ्या कानाचं," तो म्हणाला. "त्यांनीच ओळखलं होतं. म्हणायचे, सांगून टाक. मी म्हणायचो, उद्या सांगतो."

आतून आवाज आला, "आणि मला? मला का नाही सांगितलं?"

त्याला ऐकू गेलं नाही. तो तसाच उभा. मी म्हटलं, "ती विचारते आहे, तिला का नाही सांगितलंस."

त्याने आतल्या दाराकडे बघितलं. "त्यांना वाटायचं, मी ऐकतोय. एक घोषणा झाली की खिडकीतून माझ्याकडे बघायच्या... थांबायच्या माझ्यासाठी. माझ्यासाठी कोणी असं थांबलेलं नाही. टाकीवरून दिसायचं ते खिडकीतलं तोंड. तेवढंच माझं होतं. सांगितलं असतं तर तेही गेलं असतं."

मग नात बाहेर आली. डोळे सुजलेले, पण हनुवटी वर. ती हनुवटी माझी आहे.

ती मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. "उद्या सरांच्या शोकसभेची घोषणा आहे. लांबचा भोंगा अजून बंद आहे. मी तिथे पायी जाऊन सांगणार आहे, मजल्यामजल्यावर. तुम्ही यायचं. आधी तुम्ही बोलायचं, मग मी."

त्याचा चेहरा उतरला. "ती पोरं मला मारतील."

"मारतील कदाचित."

"...येतो."

"मीही येणार," मी म्हटलं. कोणी नको म्हणालं नाही. म्हणून बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. वसतिगृहाचा जिना उंच, दगडी. माझे गुडघे पहिल्याच वळणावर बसले, मीही बसले. वरचं सगळं ऐकू येत होतं. माझे कान शाबूत आहेत.

"तुमचा भोंगा बंद होता," तो म्हणत होता. "मी न ऐकता फडका दाखवला. चूक माझी आहे. यांनी वाचलं होतं."

पहिल्या मजल्यावर एक दार धाडकन बंद झालं. कोणीतरी म्हणालं, "आम्ही फुलं घेऊन बसलो होतो."

"माहीत आहे," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मग नातीचा आवाज. माईक नाही, भोंगा नाही. "झाडवाल्या सरांची शोकसभा उद्या संध्याकाळी, बागेत, काचघराजवळ. सर्वांनी यावं." तिने हे प्रत्येक मजल्यावर म्हटलं, आणि प्रत्येक ठिकाणी ती त्याच शब्दावर अडखळली, 'सरांची'वर.

सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्या दिवशी मुख्य इमारतीखाली सर्वांत पुढे उभा असलेला पोरगा भेटला, हे नातीने मला नंतर सांगितलं. तो हळू आवाजात काहीतरी म्हणाला. भोंगेवाल्याला ऐकू गेलं नाही. मग नात म्हणाली, "तो विचारतोय, या वेळी नक्की बागेतच ना?"

"बागेतच. मी सकाळपासून तिथे असेन. खुर्च्या मांडायला."

"मीही येतो मांडायला," पोरगा म्हणाला.

उतरताना ती दोघं माझ्या वरच्या वळणावर थांबली. त्यांना वाटलं, म्हातारी पेंगतेय.

"मी अजून रागावलेली आहे," नात म्हणाली.

"रागवा."

"खूप दिवस रागावणार आहे."

"उजव्या कानात रागवा. डाव्यात फुकट जाईल."

ती हसली नाही. पण सरकल्याचा आवाज आला, पायऱ्यांवर चप्पल घासल्याचा. आणि मग ती म्हणाली, अगदी हळू, "मला तुम्हीच हवे आहात... पण ऐकू आलं नाही तर तोंडाने सांगायचं, नाही आलं म्हणून. कायम."

तो गप्प.

"ऐकू आलं का?"

"आलं."

"मग बोला ना!"

"सगळं आलं. पण... परत म्हणा."

तिने परत म्हटलं. माझ्या नातीला मी काही शिकवलं नाही असं कोणी म्हणू नये, पण हे मी शिकवलेलं नाही.

मी कठडा धरून उठले. "पुरे झालं, दोनदा मीही ऐकलं. खाली या, मला घरी पोचवा."

दोघं चोरासारखी खाली आली. मी सरळ त्याचा उजवा दंड धरला आणि चालायला लागले. नात दुसऱ्या बाजूला राहिली.

"आजी, ती माझी बाजू आहे," ती म्हणाली.

"आजच्या दिवस माझी," मी म्हटलं. "मलाही याला बरंच काही ऐकवायचंय."