तळ्यातला दुसरा दगड

"तानी, इकडं ये! दगडावर होड्या हायत!"

सुगंधाची हाक ऐकून तानी आणि देवू तळ्याच्या चिखलातून धावले. १९८३ची मे महिन्याची सुट्टी होती. एडवणच्या तळ्यातला गाळ काढताना मजुरांनी धुणं आपटायचे दोन लांबलचक दगड उलटवून ठेवले होते. सुगंधानं एकावरचा चिखल पुसला, तर खाली कोरलेल्या होड्या, वल्हेकरी आणि तलवार उगारलेला माणूस!

"आता दुसरा धुऊ!" देवू म्हणाला.

"उद्या रे! भूक लागलीय मला," सुगंधा म्हणाली.

सकाळी येऊन बघतात तर एकच दगड! दुसऱ्याची नव्या रस्त्यासाठी खडी झाली होती.

"अवो काका, त्याच्यावर पण चित्रं असतील!" सुगंधा रडकुंडीला आली.

"दगड तो दगड!" मुकादम कमलाकांत हसला. "जेवण झालं की हा पण फोडायचा हाय."

सुगंधानं डोळे पुसले. "देवू, सायकल काढ! केळव्याहून उषाबाईंना घेऊन ये." उषाबाई त्यांना शाळेत इतिहास शिकवायच्या. "आणि तानी, तुझ्या आयचा ओला जवळा कुठं हाय?"

तानी खुदकन हसली. दोघींनी टोपलीभर जवळा, ती इवली इवली कोळंबी, त्या दगडावर वाळत घातला. जेवून मजूर घण घेऊन आले.

"उचला ही घाण!" मुकादम ओरडला.

"तुमीच उचला! मी आयला सांगते, रत्नाबाईला!" तानीनं ठणकावलं.

मासळीबाजारात रत्नाबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. मुकादम मागं सरला. "वाळू दे बाई. संध्याकाळी बघू."

त्याआधीच उषाबाई पोचल्या. जवळा बाजूला सारून त्या कितीतरी वेळ दगडावर वाकून होत्या.

"पोरांनो, हा वीरगळ! समुद्रावरच्या लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड."

सरपंचांनी काम थांबवलं. "शाब्बास! पोरांनी गावाची लाज राखली!" मुकादमाची मान खाली गेली. रत्नाबाईनं तर तिघांची दृष्ट काढली.

सुगंधानं मात्र उषाबाईंचा पदर ओढला. "बाई, दुसऱ्या दगडावर कोण व्हतं?"

"आता नाही कळायचं, बाळ. कुणी बघितलंच नाही ना."

"मी बघणार व्हते," सुगंधा म्हणाली आणि तिला रडू आवरेना.

दिवस मावळेपर्यंत तिघं रस्त्यावरची खडी चाळत बसली. होडीचा एक तुकडासुद्धा सापडला नाही.