अंगठा, टाच आणि संत्र्याचे डोळे

अंगठा.
माझा. उजवा. जंबेरी लिंबाच्या खुंटांवर संत्र्याचे डोळे, म्हणजे कलमाचे कोंब, बांधून बांधून आखडलेला. कलमांचा हंगाम तोंडावर, शेंदूरजनाघाटची आमची नर्सरी माझ्या हातावर चाललेली, आणि मला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. अमरावतीच्या दवाखान्यात, बाकावर, शेजारून एक हात आला. झाकण उघडलं.

“घ्या. तुमचा हात, माही टाच... दोघं मिळून एक बिमार माणूस पुरा होते.”

“त्यातला अर्धा लयच बोलते!”

हसला. धर्मेंद्र. अकोल्याच्या शाळेत पीटी शिकवायचा.

पडदा.
डॉक्टरांनी मनगटावर सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं. पडद्यावर माझी कंडरा — करडी, सुजलेली — आणि तिच्या आवरणात अलगद शिरणारी सुई. मी डोळे मिटले नाहीत.

“दिवाळी सरेपर्यंत कलमाचा चाकू धरायचा नाही, नीलम.”

म्हणजे हंगाम गेला! बाहेर येऊन त्यालाच सांगितलं. त्याच्या टाचेत त्याच्याच रक्तातून काढलेला द्रव सोडला होता. त्यालाही धावायची बंदी.

“मले दिवाळीच्या सुट्ट्या हायेत. तुमच्या गावाजवळच, वरुडले, मावशी हाये. बसून करायचं काम असन तर... हात मोकळे हायेत माहे.”

“येते का तुमाले?”

“शिकवा ना!”

डोळे.
पहिल्या दिवशी त्यानं अख्खी ओळ बांधली. सगळे डोळे उलटे, टोकं जमिनीकडे!

“अवो मास्तर, झाड काय खाली वाढते?”

“तुमी समोर बसल्यावर वर-खाली कुठं समजते...”

खोटंच रागावले. त्यानं ओळ सोडली, पुन्हा बांधली. माझी बोटं त्याच्या बोटांवर — “साल अशी उचला... हळू” — आणि पुढचा डोळा दोघांच्या बोटांनी बसवला.

रविवार.
सुट्ट्या सरल्या, उद्या त्याची शाळा. पहिल्या ओळींच्या कलमांवर बांधलेल्या पट्ट्या सोडल्या. डोळे हिरवेगार, कलमं जगलेली! माझा अंगठा वळत होता. तो न लंगडता उभा होता.

“झालं मंग,” चपलांकडे बघत म्हणाला. “आता मी कायले येऊ?”

मी त्याचा हात धरला. उजव्या हातानं. घट्ट.

“दुखते का?”

“नाही. पुढच्या रविवारी तुह्या मायले घेऊन ये.”

“मायले? कावून?”

“माह्या बाबाशी बोलाले. का तेही मीच शिकवू?”