कवंडळांची मोजणी

मुळगावात चवथीला गोकुळदासांची माटोळी पाहायला माणसं मुद्दाम वाट वाकडी करून येत. गणपतीवर टांगलेल्या त्या लाकडी चौकटीला घरात जन्मलेल्या प्रत्येकाने कवंडळाचं एक तांबडं रानफळ केवणीच्या झाडाच्या चिवट सालीने बांधायचं, सासरी गेलेल्या लेकींनीही, हा घराचा नेम होता.

यंदा लेक तनया मुंबईच्या प्रयोगशाळेतून आली, ती बंद लिफाफा घेऊनच. गळ्याच्या गाठीने घरातली दोन माणसं गेली होती. तिने मे महिन्यात सगळ्यांचं रक्त तपासायला नेलं होतं.

"रेट नावाचं जीन, बाबा. पेशीला वाढ म्हणून सांगणारी कळ. आपल्या घरात काहींची ती दाबलेलीच राहते. कोणाची, ते यात आहे."

"गणपती पोचवूया, मगे फोड," गोकुळदास म्हणाले. माझं काही निघो, पोरीचं नाव नसो, एवढंच त्यांच्या मनात होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांना आपल्या कवंडळात साल रुतलेली दिसली. धाकट्या भावाच्या, कृष्णनाथाच्या, आणि तनयाच्याही. बाकीची सुकत चालली होती. आयुष्यभर सर्व्हे खात्यात जमीन मोजलेला माणूस. त्यांनी तिन्हींभोवती दोरा धरून मापाच्या गाठी मारल्या.

"दादा, फळांचोय उतारो काडटलो मरे?" कृष्णनाथ हसला.

चौथ्या दिवशी दोरा बोटभर अपुरा पडला. तोडलेली फळं वाढत होती.

पाचव्या दिवशी विसर्जन करून आल्यावर तनयाने लिफाफा फोडला. नावं तीन. तीच.

तिचा आवाज हलला नाही. "गाठ येण्याआधीच गळ्यातली ग्रंथी काढायची. या घरात आधी कळलेली आपण पहिलीच माणसं, बाबा."

गोकुळदासांचा ऊर भरून आला. घरात शिरलेलं मरण त्यांच्या पोरीने नावानिशी पकडलं होतं.

माटोळी सोडायला ते स्टुलावर चढले. तनयाच्या कवंडळाआड एक इवलं कवंडळ होतं.

"हें कोणाचें?"

तनया लाजली. "अजून कोणाक सांगूंक ना, बाबा. तिसरो म्हयनो."

"बाय गो!" म्हणत कृष्णनाथ पेढे आणायला धावला.

गोकुळदासांनी हात वर नेला.

केवणीची साल तुटून लोंबत होती.

फळ पडलं नव्हतं. त्याचा देठ चौकटीच्या सुक्या लाकडात शिरला होता.