उलटी पट्टी

शुभदा गुप्तेला सांगून आलेल्या तिसऱ्या स्थळानं आपली उंची पाच फूट सात इंच सांगितली होती. शुभदा पोह्यांची बशी पुढे करत म्हणाली, "साडेपाच फूट असेल." त्याच्यामागच्या दाराच्या चौकटीवरून तिनं ताडलं होतं. स्थळ गेलं. आई, सरोजताई, कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, तुला नवरा हवाय की फूटपट्टी?"

अशा मुलीला सर्व्हेचीच नोकरी लागायची. १९८६च्या डिसेंबरात ती कोपरीच्या खाडीलगत, नव्या नाल्यासाठी जमिनीचे चढउतार मोजत होती. सोबतीला गोमाजी, तिथल्याच कोळीवाड्यातला, साठीला टेकलेला. तो आकड्यांची लांब पट्टी उभी धरायचा. ती दुर्बिणीतून आकडा वाचून वहीत लिहायची. दुर्बीण जुनी, तिच्यात सगळं उलटं दिसे. गोमाजी आभाळाला पाय लावून लोंबकळायचा आणि वर तंबाखू मळायचा.

मंगळवारी सकाळी अकराला दुर्बिणीत एक बाई दिसली. दूर चिखलात, कासोटा घातलेली, हातात तशीच पट्टी. आकडे सरळ होते. शुभदाला बरंच वाटलं. तीन मीटर दहा. तिनं लिहून टाकलं, आणि मग पेन थांबलं.

सरळ कसे?

दुर्बिणीवरून डोळा काढून पाहिलं. नुसता चिखल आणि दोन बगळे.

गोमाजीनं येऊन दुर्बिणीला डोळा लावला. "बाय, ही तर सुलटी हाय!"

"यात सुलटी दिसतेय, म्हणजे खरी उलटी आहे."

"मंग तिचं पाय कशावर हायेत?"

शुभदानं प्रामाणिकपणे समजावलं. पुलाची खालची बाजू मोजायची असली की पट्टी उलटी धरून वर टेकवतात. "म्हणजे आपल्या दुर्बिणीच्या वर, तीन मीटर दहावर, तिची जमीन आहे."

गोमाजीनं वर पाहिलं. निळं आभाळ होतं. तरी त्यानं डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली.

बुधवारी दोन मीटर वीस. गुरुवारी एक मीटर चाळीस. उलट्या माणसाचा पदर लोंबायला हवा. हिचा खांद्यावर नीट बसलेला. गोमाजीची पट्टी सदा डुलायची, हिची केसभर हलत नव्हती. शुभदाला तिचं कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटलं म्हणून अंगावर काटा आला.

शुक्रवारी ऑफिसात चौबळसाहेबांनी वही चाळली. "मोकळ्या मैदानात छत? गुप्तेबाई, सोमवारी तुम्हाला कायम करायचं की नाही ते मला ठरवायचंय. या तीन ओळी खोडा."

घरात शुभदाच्याच पगारावर चूल होती. पण हात पेनाकडे जाईना.

"साहेब, वाचलेला आकडा खोडायचा नाही, असं पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत."

"मग मीच येतो उद्या. बघू तुमची बाई."

शनिवारी ते जीपमधून आले. सहा फुटी गडी, कडक इस्त्री, विरळ केसांचा भांग. "हं, कुठाय?" म्हणत त्यांनी वाकून दुर्बिणीला डोळा लावला.

मग काच पुसून पुन्हा लावला.

"किती दिसतंय साहेब?" शुभदानं वही उघडली.

"शून्य पस्तीस," ते हळूच म्हणाले.

"ती काय करतेय?"

"वाचतेय." ते म्हणाले. "तिच्यापुढेही दुर्बीण आहे."

शुभदानं आकडा लिहिला: दुर्बिणीच्या वर हातभरसुद्धा नाही. साहेबांनी वही ओढून घेतली, त्या आकड्याखाली सही केली, आणि कुणी विचारलं नसताना म्हणाले, "तुम्ही कायम झालात. सोमवारपासून नाला दुसरीकडून नेऊ."

मग ते जीपकडे निघाले.

"बाय," गोमाजी कुजबुजला, "सायब असं का चालतंय?"

मोकळ्या मैदानात साहेब मान खाली घालून, गुडघे वाकवून, जपून पावलं टाकत होते. जीपपाशी त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि डोक्यावरचा ओला चिखल पुसला.