नावाडी घाटावर का पोचेना?

सातघाटचा नावाडी रोज सकाळी घरातून निघे, पण घाटावर काही पोचत नसे. डोक्याला मुंडासं, खांद्यावर वल्हं, चांगला तरतरीत गडी दार उघडून बाहेर येई, अंगण ओलांडून फाटकापर्यंत जाई आणि तिथून गर्रकन वळून परत घरात! थोड्या वेळाने पुन्हा बाहेर, पुन्हा फाटक, पुन्हा आत. तिकडे नदीत त्याची होडी रिकामी डुलत होती. घाटावर माणसं गाठोडी घेऊन ताटकळत उभी होती. त्या माणसांत उर्वीही होती, आणि उभं राहून राहून तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

काळजी करू नका, उर्वी काही खरोखर नदीकाठी उभी नव्हती. ती देवरुखला मंदारआजोबांच्या खोलीत मांडी ठोकून बसली होती आणि समोरच्या भिंतीवर कागदासारखा पातळ पडदा चिकटवलेला होता. सातघाट हे गाव होतं एका जुन्या भूमिका-खेळातलं (ज्यात आपण गोष्टीतलं एक पात्र होऊन गावभर हिंडतो, माणसांशी बोलतो आणि गोष्ट पुढे नेतो, असा खेळ). मंदारआजोबांनी आणि आजीने तो तरुणपणी मिळून लिहिला होता. उर्वीचा बाबा तेव्हा रांगत होता. आता आजी नव्हती आणि तो जुना संगणकही नव्हता. आजोबांनी खेळ मात्र जिवापाड जपला होता आणि अलीकडेच नव्या संगणकावर चढवला होता.

आता खेळच तो, अडला तर अडला, असं तुम्ही म्हणाल. पण इथे गोष्ट वेगळी होती.

उर्वीचा बाबा रविवारी चंद्रावर निघणार होता. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ ऊन कधीच पोचत नाही अशी खोल विवरं (मोठाले खड्डे) आहेत. त्यांच्या तळाशी बर्फ आहे. तो वितळवून पाणी करणारी यंत्रं माणसांनी तिथे बसवली होती आणि बाबा त्या यंत्रांचा वैद्य होता. जाणार होता तो दोन वर्षांसाठी. हे कळलं तेव्हा उर्वी बाबासमोर येऊन म्हणाली, "तुझा लहानपणचा सातघाट आपण दोघांनी मिळून खेळायचा. आणि तो संपल्याशिवाय तू जायचं नाहीस."

"कबूल!" बाबा म्हणाला. त्याला वाटलं, दोन-तीन दिवसांत होईल खेळून. तोच हा नावाडी हट्टाला पेटला.

आता एक गुपित सांगतो. नावाडी का परततो हे उर्वीला थोडंसं ठाऊक होतं. तो फाटकाशी पोचला की घराच्या खिडकीत पांढरं काहीतरी चमकून जाई, पापणी लवायच्या आत. उर्वीने ते दृश्य टिपून घेऊन अगदी सावकाश चालवून पाहिलं, तेव्हा खिडकीत एक एवढीशी मुलगी दिसली. ती होती नावाड्याची लेक, कस्तुरी. तिच्या तोंडाशी पांढऱ्या अक्षरांत शब्द उमटत होते, "बाबा, कुठं निघालात?" आणि ते कानावर पडताच नावाडी वळत होता. हाक मारली की बाबा परत येतो, हे उर्वीला फार आवडलं. तिने ते कोणाला सांगितलं नाही. नावाडी अडला तर खेळ अडला, आणि खेळ अडला तर बाबा अडला. तिच्या दृष्टीने सगळं कसं छान चाललं होतं.

आजोबा बिचारे मात्र चष्मा कपाळावर चढवून बग शोधत होते (प्रोग्रॅममधल्या चुकीला बग म्हणतात, आणि प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची माळ).

"बग शोधताना घाई करायची नाही," ते म्हणाले. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही."

आधी त्यांना वाटलं, वाटेत काही आडवं आलंय. त्यांनी अंगणातली हातगाडी बाजूला केली. नावाडी आपला परत. मग त्यांनी नावाड्याला उचलून थेट फाटकाबाहेरच्या वळणावर ठेवला. तिथून तो सरळ घाटावर गेला आणि होडीत बसला. एवढं पाहून आजोबांनी त्याला परत घरात आणून ठेवलं.

"म्हणजे पाय ठणठणीत आहेत," आजोबा म्हणाले. "वाटही मोकळी आहे. मेख आहे ती घर आणि फाटक यांच्या मध्ये. घरात आणखी कोण असतं बरं? हां, त्याची पोर. तिला जरा खेळातून काढून बघू."

त्यांनी बोट उचललं मात्र, उर्वी किंचाळली, "नको! तिला काढू नका!"

आजोबांचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि नातीकडे नीट पाहिलं. उर्वीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मग सगळं बाहेर आलं, खिडकी, कस्तुरी, ती हाक, अगदी सगळं.

आजोबा रागावले नाहीत. उलट कपाळावर हात मारून हसले. "अगं, हे तर तुझ्या आजीचं काम! मी साफ विसरलो होतो. आमच्या लहानपणी बाहेर निघालेल्या माणसाला मागून 'कुठे निघालास' असं विचारायचं नाही, अशी रीत होती. विचारलंच कोणी, तर त्याने माघारी यायचं, घटकाभर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग पुन्हा निघायचं."

"का पण?"

"काम बिघडतं म्हणे. बिघडत वगैरे काही नाही. पण घाईघाईने निघालेला माणूस जरा टेकतो, घरच्यांकडे पुन्हा एकदा बघतो, हे आजीला आवडायचं. म्हणून तिने नावाड्याला तो नियम शिकवला. चल, आपण करूनच बघू. मी नावाडी, तू कस्तुरी. मी दाराशी पोचलो की विचारायचंस, दर वेळी."

आजोबा हातातली काठी वल्ह्यासारखी खांद्यावर टाकून निघाले.

"बाबा, कुठं निघालात?"

आजोबा वळले, खुर्चीत बसले, पाणी प्याले आणि उठून पुन्हा निघाले.

"बाबा, कुठं निघालात?"

पुन्हा खुर्ची, पुन्हा पाणी. असं होता होता तांब्या संपला. पोटावर हात ठेवून आजोबा म्हणाले, "बस कर बाई, आता माझीच नदी होईल!" मघाशी रडणारी उर्वी खो-खो हसत सुटली.

"आता सांग, यात चुकलं कोण?" आजोबांनी धापा टाकत विचारलं.

"कस्तुरी?"

"का? बाबा निघाला तर लेकीने विचारायचं नाही?"

"मग नावाडी?"

"त्याने तर शिकवलेली रीत पाळली."

उर्वी विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "कोणीच नाही चुकलं. पण दोघं मिळून अडकले."

"शाब्बास! दोन्ही नियम चांगले. पण पहिल्यामुळे दुसरा घडतो आणि दुसऱ्यामुळे पुन्हा पहिला. याला म्हणतात अनंत आवर्तन (कधीच न संपणारा फेरा). संगणक त्याला कंटाळत नाही. माझ्यासारखं त्याचं पोट भरत नाही ना!"

"पण आजोबा, बाबा लहानपणी खेळायचा तेव्हा का नाही झालं असं?"

हा प्रश्न ऐकून आजोबा खूश झाले. त्यांनी टेबलावर बोटाने सावकाश टकटक केलं. "संगणकाच्या आत असे ठोके पडत असतात. दर ठोक्याला तो एक बारीकसं काम करतो. मी कस्तुरीला सांगून ठेवलं होतं, बाबा निघाला की अमुक इतके ठोके मोज आणि मग खिडकीतून बघ. जुन्या संगणकाचे ठोके असे, संथ. तिचे मोजून होईपर्यंत नावाडी वळणाआड गेलेला असायचा. नव्याचे ठोके असे." त्यांची बोटं ताशासारखी वाजू लागली. "तिचे ठोके चुटकीसरशी संपतात. तिचे शब्दही मी ठोक्यांतच मोजले होते, म्हणून ते नुसते चमकून जातात."

"मग नावाडीसुद्धा धावत सुटायला हवा होता ना?"

"नाही. त्याचं चालणं आजीने लिहिलं होतं, खऱ्या घड्याळाच्या सेकंदांत. संगणक कितीही वेगवान आला, तरी सेकंद तेवढाच राहतो. ती होती शहाणी."

"म्हणजे एकाच घरात दोन घड्याळं! आणि चूक तुमची!"

"घरोघरी मातीच्या चुली," आजोबा म्हणाले.

आता उपाय सोपा होता. कस्तुरीचं मोजणंही खऱ्या सेकंदांत लिहायचं, की सगळं पहिल्यासारखं! पण उर्वीच्या कपाळाची आठी जाईना.

"पहिल्यासारखं म्हणजे, ती खिडकीत येईल तेव्हा तिचा बाबा दिसेनासा झालेला असेल?"

"हो गं," आजोबा म्हणाले. "इतकी वर्षं ती पोर रोज उशिराच बघत होती. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही."

"मग तिला हाक मारू दे. पण एकदाच. तिला लक्षात ठेवता येतं?"

"येतं की. तिच्याजवळ एक खूण ठेवायची (खूण म्हणजे संगणकाच्या स्मृतीतली इवलीशी जागा, जिच्यात फक्त 'हो' किंवा 'नाही' मावतं). हाक मारायच्या आधी 'नाही', मारून झाली की 'हो'. विचारण्याआधी तिने खूण बघायची." आजोबांनी कळफलक उर्वीपुढे सरकवला. "पण त्याआधी एक ऐक. तुझ्या बाबाने काल मला विचारलं, खेळ नाही संपला तर काय करू? मी म्हटलं, शब्द तू दिलायस, तूच बघ. तो शब्द मोडणारा नाही. तो तिकडे कळवेल की मला येता येत नाही. तेव्हा आज तू हे लिहिलं नाहीस, तरी मी काही म्हणणार नाही."

उर्वीचे हात मांडीवरच राहिले. शेजारच्या खोलीत बाबा सामान भरताना कसलंसं गाणं गुणगुणत होता.

"तिकडे त्याची कोणी वाट बघतंय?" तिने विचारलं.

"आधी गेलेली माणसं आहेत ना. त्यांची पाण्याची यंत्रं कुरकुरताहेत."

पडद्यावर घाटावरची माणसं तशीच उभी होती. एका म्हातारीने गाठोडं खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. उर्वीने बराच वेळ त्या म्हातारीकडे पाहिलं. मग तिने डोळे पुसले, कळफलक जवळ ओढला आणि आजोबांना विचारत विचारत लिहिलं: शब्द आणि बघणं, दोन्ही खऱ्या सेकंदांत. बाबा फाटकाशी पोचायच्या आत खिडकीत ये. खूण 'नाही' असेल तर विचार आणि खूण 'हो' कर. खूण 'हो' असेल तर विचारू नकोस, दारात ये आणि हात हलव. दुसरा दिवस उजाडला की खूण पुन्हा 'नाही'.

नावाडी बाहेर पडला. "बाबा, कुठं निघालात?" हे शब्द आता चांगले वाचता आले. नावाडी माघारी आला, टेकला, पाणी प्याला आणि निघाला. फाटकाशी मात्र तो वळला नाही. कस्तुरी दारात उभी राहून हात हलवत राहिली आणि तो थेट घाटावर जाऊन होडीत बसला. आजोबांनी टाळी वाजवली. उर्वी उठली आणि बाबाला बोलवायला स्वतः गेली.

त्या संध्याकाळी बापलेकीने नदी ओलांडली आणि सातघाट संपवला.

रविवारी सकाळी दारात गाडी आली. बाबाने आजोबांना वाकून नमस्कार केला, उर्वीच्या आईचा हात हातात घेतला, उर्वीला घट्ट जवळ घेतलं आणि बॅग उचलून निघाला. तो फाटकाशी पोचला तोच मागून हाक आली, "बाबा, कुठं निघालास?"

"अगं उर्वी!" आई दचकून म्हणाली. आजोबा मिशीत हसले आणि पाण्याचा पेला आणायला आत गेले.

बाबा आला. पायरीवर टेकला. पाणी प्याला. पेला रिकामा झाला, तरी तो तसाच हातात धरून बसून राहिला. गाडीवाल्याने एकदा भोंगा वाजवून पाहिला. बाबा खाली मान घालून बसला होता आणि त्याच्याच्याने उठवत नव्हतं.

उर्वी त्याच्याजवळ बसली. तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं. मग तिने त्याच्या हातातून पेला काढून घेतला.

"बाबा, हाक एकदाच मारायची असते," ती म्हणाली. "माझी मारून झाली. ऊठ आता, तिकडे माणसं थांबलीत."

बाबाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठला. या वेळी तो फाटकाबाहेर पडला, गाडीत बसला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत उर्वी दारात उभी राहून हात हलवत होती.

"आजोबा," मग तिने विचारलं, "चंद्रावरून बाबा बोलला, तर त्याचं बोलणं इथे पोचायला किती वेळ लागेल?"

"रेडिओ-लहरी (आपला आवाज वाहून नेणाऱ्या, प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या लहरी) चंद्रावरून सव्वा सेकंदात पोचतात."

"सव्वाच?" उर्वीने नाक पुसलं. "मग काही फार लांब नाही गेला तो."