भिंतीपाशी उंदीर कोण ठेवतं?

"पुन्हा उंदीर!" बटाट्या किंचाळला आणि टुणकन धुण्याच्या दगडावर चढला.

मामांची लाँड्री होती आणि तिन्ही भावंडं सुट्टीला तिथे आली होती. थोरली कप्तान, मधला बटाट्या आणि शेंडेफळ पिंगी. लाँड्रीच्या मागच्या अंगणात, बॉयलरच्या भिंतीला खाली एक भोक होतं. ऊब वाया जाते म्हणून मामांनी परवा ते गवंड्याकडून बुजवून घेतलं. काल सकाळी बघतात तर गिलावा ओरबाडलेला आणि खाली मेलेला उंदीर! गवंड्याने पुन्हा लिंपलं. आज पुन्हा तेच!

"तुमचेच उद्योग आहेत हे!" मामा कडाडले.

"मामा, बटाट्या उंदराला हात लावेल? झुरळ दिसलं तर घर डोक्यावर घेतो तो!" कप्तान म्हणाली.

"तू गप्प बस गं!" बटाट्या दगडावरूनच ओरडला.

"आज सिमेंटच लावतो. मग बघू कोणाची नखं चालतात ते!" मामा तरातरा आत गेले.

कप्तान वाकली. गिलाव्यावर बारीक ओरखडे होते आणि त्यात रक्त. "रानमांजर! पण मांजर उंदीर खाईल ना? इथे ठेवेल कशाला?"

पिंगी म्हणाली, "मी डबा विसरले होते तेव्हा शाळेचं फाटक बंद होतं. आईने फाटकापाशीच ठेवला होता."

कप्तान ताडकन उभी राहिली.

"अरे देवा! आत पिल्लं आहेत!"

तिघं मामांकडे धावत सुटली. पण मामा ऐकतील तर शपथ! "भोक बुजवण्याआधी मी बघितलं होतं. काही नव्हतं."

"टॉर्च लावून?"

"टॉर्च कशाला लागतोय? पळा आता, चादरींचा ढीग पडलाय!"

अंगणात गवंडी सिमेंट कालवायला लागला होता. पिंगीला रडूच फुटलं. आणि बॉयलरची घरघर एवढी, की आत कोणी ओरडलं तरी कळायचं नाही.

कप्तानचे डोळे चमकले. ती जोरात ओरडली, "मामा, बॉयलरमागून आवाज येत असणार! बंद करून ऐका तरी!"

बॉयलर फुटेल अशी मामांना कायम धास्ती असायची. "आवाज? बंद करा! आधी बंद करा!"

घरघर थांबली. आणि भिंतीतून अगदी क्षीण आवाज आला, "म्यॅंव…"

मामांचा चेहरा पडला. त्यांनी स्वतः छिन्नी घेतली. भोक मोकळं झालं, टॉर्चच्या उजेडात तीन पिल्लं दिसली. पार चिपाडं झालेली, पण जिवंत! तेवढ्यात कुंपणावर रानमांजरी आली. तोंडात उंदीर, पंजे रक्ताळलेले. एवढी माणसं बघूनही ती हलली नाही.

"मागे सरका सगळे!" गडबड ऐकून बाहेर आलेली मामी म्हणाली. मांजरी सरळ आत शिरली. मामीने डोळ्यांना पदर लावला. "बटाट्या, तू तान्हा होतास, कप्तान जेमतेम चालायची. घर गेलं होतं तुमचं. त्या कडाक्याच्या थंडीत तुमची आई तुम्हाला पोटाशी घेऊन इथेच निजायची. याच बॉयलरपाशी."

"म्हणजे मीपण इथलाच?" बटाट्याने आ वासला.

गवंड्याने थापी उचलली. "मालक, भोकाचं काय करू? ऊब वाया जाते म्हणत होतात."

मामांनी बटाट्याच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास रे पोरांनो! माझ्या हातून केवढं पाप होत होतं!" मग ते गवंड्याकडे वळले. "राहू दे ते भोक. ऊब कुठे वाया जातेय?"