उजव्या पात्याची धार

"हे पातं जिन्याच्या पायरीवर घासलंय. बर्फावर असं होत नाही. खोटं कशाला सांगतेस?"

मी चमकून पाहिलं. पोप्राद या आमच्या स्लोव्हाक गावातल्या बर्फाच्या रिंकमध्ये प्रेक्षकांच्या बाकांखाली स्केट्सना धार लावायची एक चिंचोळी खोली आहे. तिथे ग्रेगा काका बसायचे. त्या नोव्हेंबरच्या सकाळी मात्र काकांच्या स्टुलावर हा बसला होता... लांबसडक बोटं, कधीतरी मोडून वाकडं बसलेलं नाक, आणि माझा पांढरा बूट मांजराच्या पिल्लासारखा मांडीवर घेतलेला.

"काका कुठायत?"

"पाठ धरलीय त्यांची. मी पुतण्या, कामिल. केझमारोकचा. आणि तू लिविया. बाहेर भिंतीवर फोटो आहे तुझा. फोटोत बरी दिसतेस."

"आणि समोर?"

"समोर..." त्याने मान तिरकी केली. "नाक लाल झालंय थंडीने. थांब, धार लावून होईपर्यंत ठरवतो."

पाच मिनिटांचं काम. त्याने अर्धा तास लावला!

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. फिगर स्केटिंगच्या ज्युनियर स्पर्धांत दोन पदकं मिळाली होती, पेपरवाले माझ्याबद्दल लिहू लागले होते. हॉकीची पोरं बर्फाचा ताबा घ्यायच्या आत, सकाळी सहाला, माझा सराव असायचा. आणि आता माझी पाती फारच लवकर बोथट व्हायला लागली होती.

"परवाच तर लावली धार," कामिल म्हणायचा.

"नीट लावली नसशील."

"हो ना. मुद्दामच नीट लावत नाही मी."

बोलून तो मान खाली घालायचा आणि त्याचे कान लाल व्हायचे. मग रुमालात बांधलेला गरम पाव पुढे यायचा, आत मेंढीच्या दुधाचं खारट चीज. स्पर्धेच्या दिवसांत मला ते चालायचं नाही. मी अर्धा खायचे. उरलेला तो खायचा, मी जिथे चावा घेतला होता तिथूनच.

तोही खेळाडूच होता. अठराव्या वर्षी गुडघ्यात इंजेक्शन घेऊन हॉकीची एक मॅच खेळला. "एकच मॅच, असं म्हणाले सगळे. मीही म्हणालो." गुडघा त्यानंतर कधी पुरता वाकला नाही. हे त्याने मला स्टेशनकडे चालताना सांगितलं. बर्फ भुरभुरत होता. मी माझा हातमोजा काढला आणि हात त्याच्या खिशात सरकवला.

डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धा होती. जिंकणारीला युरोपियन स्पर्धेचं तिकीट, आणि जागा एकच. स्पर्धेला तीन आठवडे असताना माझा उजवा पाय दुखायला लागला. आधी फक्त उडीनंतर, मग जिना चढताना, मग नुसता बूट घालतानाही. मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या कोच यार्मिला बाईंना वाटलं, पोरगी स्पर्धेच्या धास्तीने अडखळतेय.

कामिलने मात्र दोन्ही पाती उजेडात धरली आणि त्यांवरून अंगठा फिरवला.

"उजवी धार जशीच्या तशी आहे. डावी पार गेलीय. उडी मारून उतरलीस की लगेच भार डाव्यावर टाकतेस." त्याने वर पाहिलं. "किती दुखतंय?"

"काही नाही. जरासं."

"लिविया."

"दोन आठवडे, कामिल! मग दाखवते ना डॉक्टरला. बाईंना सांगणार नाहीस – शपथ घे."

त्याने शपथ घेतली नाही. म्हणाला, "उद्यापर्यंत तू सांग. नाहीतर मी सांगेन."

मला वाटलं, नाही सांगणार. माझं मन मोडणार नाही तो.

तिसऱ्या दिवशी बाई मला हात धरून हॉस्पिटलात घेऊन गेल्या. हाडाला तडा गेला होता. प्लास्टर. राष्ट्रीय स्पर्धा ब्रातिस्लाव्हाच्या एका मुलीने जिंकली. मी घरी सोफ्यावर पाय ठेवून ती टीव्हीवर पाहिली.

दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन त्या खोलीत गेले.

"झालं समाधान?"

तो उठून उभा राहिला. "बस आधी."

"माझी जागा गेली! तुझ्यामुळे."

"जागा पुढच्या वर्षीही असते गं. पाय–"

"पायाचं मला नको सांगूस! तुझं संपलं ना, म्हणून तुला माझंही संपवायचं होतं."

शब्द तोंडातून गेले आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मशीन चालूच होतं. त्याने ते बंद केलं, माझे बूट फडक्यात गुंडाळले आणि दारापर्यंत आणून दिले. तेवढंच.

फेब्रुवारीत प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन आठवडे उड्या मारल्या असत्या, तर हाड दुभंगलं असतं. मग स्केटिंग विसरायचं." मी मान हलवली. बाहेरच्या बाकावर बसून खूप रडले.

त्याच दिवशी जायला हवं होतं. पण रिकाम्या हाताने कसं जाऊ? मनाशी ठरवलं, आधी नीट उडी मारेन, मग त्याला हाताला धरून कठड्यापाशी आणेन आणि म्हणेन, बघ. हे तुझं आहे.

मार्च गेला. एप्रिलमध्ये नेहमीप्रमाणे रिंकचा बर्फ वितळवला. उन्हाळाभर मी जिममध्ये पाय घडवला. ऑगस्टमध्ये नवा बर्फ घातला आणि तिसऱ्याच दिवशी माझी उडी स्वच्छ उतरली. तशीच धावत गेले. स्टुलावर ग्रेगा काका होते.

"कामिल? तो लिंत्झला गेला, पोरी. ऑस्ट्रियात. कारखान्यात लागलाय."

मी लिहिलं. माफी मागितली. उत्तर आलं, "रागावलेलो नाही. मनापासून खेळ." बस, एवढंच.

त्या डिसेंबरात कोशित्सेला मी राष्ट्रीय स्पर्धा जिंकले. पदक गळ्यात घालून बाहेर आले, तर बोळाच्या टोकाला तो उभा. नाताळसाठी घरी आला होता.

"शेवटची उडी..." तो हसला. "मी डोळे मिटले होते."

"कामिल, मी तेव्हा जे बोलले–"

"जाऊ दे."

"मी आले होते रे. ऑगस्टमध्ये."

त्याने खाली पाहिलं. "मी एप्रिलपर्यंत रोज सहाला खोली उघडत होतो. काका ओरडायचे, गिऱ्हाईक नाही, काही नाही, वीज कशाला जाळतोस. बर्फ वितळवला, त्या दिवशी निघालो."

"माझं प्रेम होतं तुझ्यावर," मी म्हणाले. "अजून आहे."

त्याचे डोळे भरून आले... तेवढ्यात मागून एक मुलगी चहाचे दोन कप सांभाळत आली. मोठ्या कपाळाची, हसरी.

"ही क्रिस्टा," तो हळूच म्हणाला. "जूनमध्ये लग्न आहे आमचं."

क्रिस्टाने मोडक्यातोडक्या स्लोव्हाकमध्ये माझं अभिनंदन केलं. तिला माझ्याबरोबर फोटो हवा होता. तिने कप खिडकीत ठेवले, फोन कामिलच्या हातात दिला आणि माझ्या कमरेला हात घालून उभी राहिली.

"हसा," कामिल म्हणाला. त्याचा चेहरा फोनमागे होता.

मी हसले.

क्रिस्टाने तो फोटो मला पाठवला. आईने फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय. येणारे-जाणारे म्हणतात, जिंकल्याचा आनंद कसा डोळ्यांत उतरलाय बघा पोरीच्या! फोटो कोणी काढला, हे कुणीच विचारत नाही.